रोजची प्रार्थना घरात बसवायची कशी? ठाणे-नवी मुंबईतल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी

प्रार्थना महत्त्वाची आहे हे चर्चला जाणाऱ्या कुणालाही पटवून द्यावं लागत नाही. घोडं अडतं ते पुढे. सकाळी नळाला पाणी येतं त्याच वेळी डबे, मुलांची व्हॅन आणि ऐरोलीच्या कंपनीची बस. रात्री घरी पोचेपर्यंत साडेनऊ. मग 'झोपताना करू' म्हणत माणूस आडवा होतो आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'च्या दुसऱ्या ओळीतच त्याचा डोळा लागतो. असं वर्षभर चाललं की प्रार्थना फक्त बायोप्सीचा रिपोर्ट येण्याच्या आदल्या रात्री आठवते.

आमचं म्हणणं सरळ आहे. प्रार्थना मनाच्या लहरीवर सोडली की ती संकटापुरती उरते. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि तोंडात तयार शब्द असले की एरवीच्या दिवशीही होते. भक्तिभाव आधी यावा आणि मग गुडघे टेकावेत, ही अपेक्षाच बहुतेकांचं नुकसान करते. म्हणून इथे भर सवयीवर आहे. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट, पेंटेकोस्टल, कोणत्याही मंडळीतले असलात तरी पाया एकच. जिथे रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

येशूने काय केलं

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमची एक संध्याकाळ आहे. सूर्य मावळल्यावर अख्खं गाव दाराशी जमलेलं, आजारी माणसं आणलेली. दुसऱ्या दिवशी, अजून अंधार असतानाच, येशू उठून एकांतात गेला आणि तिथे प्रार्थना करत राहिला (मार्क 1:35). शिमोन आणि सोबतचे शोधत आले, म्हणाले, सगळे तुम्हाला शोधताहेत. आणि येशू परत त्या गर्दीकडे गेला नाही. आजूबाजूच्या गावांत जाऊ या, म्हणाला. आज काय करायचं आणि काय सोडायचं हे त्या पहाटेच ठरलेलं दिसतं. बारा शिष्य निवडण्याआधी त्याने रात्रभर प्रार्थना केली (लूक 6:12). गेथशेमाने बागेत तीन वेळा तीच विनंती, त्याच शब्दांत केली (मत्तय 26:44). म्हणजे तेच तेच मागितलं तर बिघडत नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो मना करतो ती पोकळ बडबड आहे, पुन्हा मागणं नव्हे.

शिष्यांनी अनेक चमत्कार पाहिले, पण 'आम्हाला शिकवा' असं म्हटल्याची जी नोंद आहे ती प्रार्थनेबद्दल (लूक 11:1). म्हणजे प्रार्थना शिकावी लागते. 'मला जमत नाही' म्हणणाऱ्याने लाज बाळगायचं काही कारण नाही.

जागा आणि वेळ

'आपल्या खोलीत जा, दार लावून घे' असं येशू सांगतो (मत्तय 6:6). कळव्याच्या वन रूम किचनमध्ये किंवा घणसोलीच्या भाड्याच्या घरात पाच माणसं असताना आतली खोली कुठून आणायची? चार जागा चालतात: सगळ्यांच्या आधी उठून स्वयंपाकघराचा ओटा, गॅलरीतली खुर्ची, इमारतीची गच्ची (चावी सेक्रेटरीकडे असेल तर आधीच बोलून ठेवा), आणि कामावर पोचल्यावर गाडीत किंवा कँटीनच्या कोपऱ्यात दहा मिनिटं. कोणतीही एक निवडा, पण रोज तीच. जागा बदलली की रोज नव्याने मनाची तयारी करावी लागते आणि त्यातच पाच मिनिटं जातात.

देव्हाऱ्यासारखी मांडणी हवी असं नाही. एक क्रूस किंवा मेणबत्ती, बायबल, वही, पेन. हे सगळं एका डब्यात किंवा पिशवीत एकत्र ठेवा. पेन शोधायला उठलेला माणूस गॅसवरचं दूध बघून येतो, मग फोन उचलतो, आणि त्या दिवशीची प्रार्थना तिथेच संपते.

वेळ घड्याळावर ठरवण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधा. 'पहाटे पाचला' हा संकल्प आठवडाभर टिकतो. 'पहिला चहा झाला की कप खाली ठेवायच्या आधी' हा महिनोन्‌महिने टिकतो, कारण चहा चुकत नाही. पाणी भरणं, मुलांना व्हॅनमध्ये बसवून वर येणं, देवळातली किंवा मशिदीतली पहाट कानावर पडणं, काहीही चालेल. माइंडस्पेससारख्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांनी सकाळचा हट्ट सोडावा. त्यांचा दिवस दुपारी उठल्यावर सुरू होतो, तेव्हाच त्यांची पहाट. स्तोत्र 55:17 मध्ये संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तिन्ही वेळा आहेत. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे (दानीएल 6:10), तेही राजाची बंदी असताना. प्रभूची प्रार्थना ('हे आमच्या स्वर्गातील पित्या') दिवसातून तीन वेळा म्हणायची रीत सुरुवातीच्या मंडळीतही होती. पाळीचं वेळापत्रक सांभाळणाऱ्याला तीन वेळांचा हा हिशेब जास्त सोयीचा पडतो: उठल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, झोपायच्या आधी, प्रत्येक वेळी पाच मिनिटं.

घरात खरंच शांतता मिळत नसेल तर चर्चचं दार उघडं असेल तेव्हा आत जाऊन बसा. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट, ठाण्याचं सेंट जेम्स (1825 मध्ये बिशप हेबर यांनी अर्पण केलेलं), वाशीचं सेक्रेड हार्ट. उपासना नसताना मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. उपवन तलावाची कडा किंवा वाशीचा मिनी सीशोअर सकाळी लवकर चालतो. संध्याकाळी तिथे जाऊन प्रार्थना होईल या भ्रमात राहू नका.

पंधरा मिनिटांची रचना

नव्याने सुरू करणाऱ्याने तासाभराचं ध्येय ठेवू नये. पंधरा मिनिटं पुरतात आणि ती अशी वाटावीत:

1. दोन मिनिटं गप्प. फोन दुसऱ्या खोलीत किंवा एअरप्लेन मोडवर. या दोन मिनिटांत मनात आलेली कामं (गॅस बुकिंग, फी) वहीच्या शेवटच्या पानावर लिहून टाका. लिहिलं की ते परत परत आठवत नाही.
2. तीन मिनिटं एक स्तोत्र, मोठ्याने. कुजबुजत का होईना, पण ओठ हलले पाहिजेत. डोळ्यांनी वाचलेलं स्तोत्र बातमीसारखं वाचलं जातं.
3. तीन मिनिटं उपकारस्तुती. 'सर्व आशीर्वादांसाठी धन्यवाद' असं म्हणू नका. कालच्या दिवसातल्या तीन गोष्टी नावानिशी सांगा. पगार वेळेवर झाला. सासूबाईंची शुगर आटोक्यात आली. शेजारच्या मावशींनी मुलाला दोन तास सांभाळलं.
4. दोन मिनिटं पापकबुली. इथेही नेमकं. 'मी पापी आहे' म्हणणं सोपं. 'काल ऑफिसात चूक माझी होती आणि मी नाव नव्या पोराचं सांगितलं' हे जड जातं. ज्याचं नुकसान केलं त्याच्याशी बोलायचं असेल तर त्याचं नाव वहीत लिहा.
5. चार मिनिटं विनंत्या, वहीतून.
6. एक मिनिट प्रभूची प्रार्थना, सावकाश.

वेळ कमी पडला तर काय गाळायचं? विनंत्या दोन मिनिटांवर आणा. आपण नेमकं उलटं करतो: स्तुती गाळतो, कबुली गाळतो, मागणी तेवढी ठेवतो. मग प्रार्थना म्हणजे तहसील कचेरीत दिलेला अर्ज होऊन बसतो.

प्रभूची प्रार्थना हीसुद्धा एक रचनाच आहे. पहिल्या तीन विनंत्या देवाच्या: त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. पुढच्या आपल्या: रोजची भाकर, ऋणांची क्षमा, परीक्षा, वाईटापासून सुटका. एखाद्या दिवशी पंधरा मिनिटं तिच्यावरच घालवा. प्रत्येक ओळीवर थांबा आणि आपल्या घरातलं काहीतरी त्या ओळीखाली ठेवा. 'आमची रोजची भाकर' या ओळीवर कंत्राट संपत आलेल्या भावाचं नाव आपसूक येतं. आणि ती ओळ 'माझी' म्हणत नाही, 'आमची' म्हणते. तुर्भ्याच्या मार्केटमध्ये पाठीवर पोती वाहणाराही त्या 'आमची'त आहे.

एक बारकावा. घरात एक जण कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट असेल, आणि अशी घरं ठाण्यात पुष्कळ आहेत, तर एकत्र म्हणताना शेवटी हमखास गडबड होते. कॅथलिक रीतीत 'वाईटापासून सोडव' इथे थांबून आमेन म्हणतात; प्रोटेस्टंट 'कारण की राज्य, सामर्थ्य आणि गौरव' असं पुढे जातात. पहिल्याच दिवशी ठरवून टाका, नाहीतर मुलं रोज त्या जागी हसतात.

शब्द सुचत नाहीत तेव्हा स्तोत्रं

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत. रोज एक घेतलं तर पाच महिन्यांत पूर्ण होतात, रोज पाच घेतली तर एका महिन्यात. नवख्याने रोज एक घ्यावं. 119 वं आलं की घाबरू नका. त्यात 176 ओव्या आहेत, पण त्या आठ-आठच्या 22 भागांत आहेत. रोज एक भाग घ्या. 117 व्याच्या फक्त दोन ओव्या. फार धावपळ असेल त्या दिवसासाठी ते राखून ठेवा.

काही स्तोत्रं प्रसंगानुसार ओळखीची करून घ्या. घराबाहेर पडताना 121. रात्री भीती वाटत असेल तर 91. पश्चात्तापाला 51, आणि त्याच जातीची 6, 32, 38, 102, 130, 143. ही सात परंपरेने एकत्र मोजतात. उपकार मानायला 103. मुलांबरोबर 136, कारण त्याच्या 26 ओव्यांत प्रत्येकीला 'कारण त्याची दया सनातन आहे' हे पालुपद आहे. मोठ्याने पहिला भाग वाचायचा, मुलांनी पालुपद म्हणायचं. पहिलीतलं पोरही पाचव्या ओवीपर्यंत सामील होतं.

आणि रागाची, तक्रारीची स्तोत्रं टाळू नका. 13 व्यात स्तोत्रकर्ता देवाला विचारतो, आणखी किती दिवस? 88 वं तर काळोखातच संपतं, शेवटी दिलासा नाही. आपल्याकडे घरात मयत झाल्यावर लोक येऊन 'देवाची इच्छा' म्हणतात आणि घरच्यांनी रडू नये अशी अपेक्षा ठेवतात. बायबल तशी अपेक्षा ठेवत नाही. अशा दिवसांत 88 वं वाचून नुसतं आमेन म्हटलं तरी ती पुरी प्रार्थना आहे.

गाडीतली प्रार्थना

ट्रान्स-हार्बरने, म्हणजे ठाणे-वाशी लोकलने, जाणाऱ्यांना अर्धा तास मिळतो. उभ्याने, दप्तर पुढे घेऊन. डोळे मिटायची गरज नाही, उलट मिटू नका. हन्नाने मंदिरात प्रार्थना केली तेव्हा नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं बाई प्यालेली आहे (1 शमुवेल 1). गाडीत तेवढंही कोणी बघत नाही.

स्टेशनांची रीत अशी: ठाणे सोडल्यापासून प्रत्येक टप्प्याला एक नाव. दिघा गावपर्यंत घरातलं एक, ऐरोलीपर्यंत ऑफिसातलं एक, रबाळ्यापर्यंत आजारी असलेलं एक, घणसोलीपर्यंत ज्याच्याशी पटत नाही असं एक, कोपरखैरण्यापर्यंत आपला पाळक किंवा फादर, तुर्भ्यापर्यंत ही शहरं, इथले कामगार. वाशी येता येता प्रभूची प्रार्थना. चौथं नाव सगळ्यात अवघड जातं, म्हणून ते मध्ये ठेवलं आहे; शेवटी ठेवलं तर स्टेशन लवकर येतं.

रोझरी (कॅथलिकांची मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) म्हणणाऱ्यांना हाच प्रवास बेताचा आहे. पाच दशकांच्या (एक दशक म्हणजे दहा 'नमो मारिया') माळेला साधारण पंधरा ते वीस मिनिटं लागतात. माळेत 59 मणी: 53 'नमो मारिया'चे आणि सहा 'आमच्या बापा'चे, म्हणजे प्रभूच्या प्रार्थनेचे. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात धरतात, त्याला रहस्य म्हणतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारी प्रकाशाची, जी पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली. जुन्या आजीबाईंच्या पुस्तकात प्रकाशाची रहस्यं नसतील, ती चूक नाही. घाई ही इथली खरी अडचण. ओठ धावतात आणि मन पुढच्या मीटिंगमध्ये असतं. उपाय: प्रत्येक दशकाआधी त्या रहस्याचं चित्र दोन श्वास डोळ्यांपुढे धरा, मग पहिला मणी. गर्दीत माळ बाहेर काढायची नसेल तर खिशात ठेवा किंवा दहा बोटांवर मोजा.

छोट्या प्रार्थनाही शिकून ठेवा. राजाने प्रश्न विचारला आणि नहेम्याने उत्तर द्यायच्या आधी प्रार्थना केली (नहेम्या 2:4). मध्ये फार तर एक श्वास गेला असेल. बुडणाऱ्या पेत्राची प्रार्थना दोन-तीन शब्दांची. जकातदाराची 'हे देवा, मज पाप्यावर दया कर' (लूक 18:13). बॉसच्या केबिनचं दार ढकलताना एवढंच होतं. पौलाचं 'निरंतर प्रार्थना करा' पाळायचा सर्वसामान्य माणसाचा मार्ग हाच. पण या छोट्या प्रार्थना पंधरा मिनिटांऐवजी नाहीत. मुळाशी रोजची बैठक नसेल तर त्या महिन्याभरात नुसत्या तोंडातल्या सवयी होतात.

विनंत्यांची वही

दोनशे पानी साधी वही. प्रत्येक पानाचे तीन उभे रकाने: तारीख, नाव आणि एका ओळीत विनंती, काय झालं. आठवड्याचे सात भाग करा आणि एका दिवसाला पाचपेक्षा जास्त नावं घालू नका. सोमवार सख्खे, मंगळवार नातेवाईक, बुधवार कामाची जागा, गुरुवार मंडळी, शुक्रवार आजारी, शनिवार शहर आणि देश, रविवार रिकामा. रविवारी चर्चमध्ये जे कानावर येईल ते तिथे.

नावं वाढत जातात आणि वही ओझं होते, हे सगळ्यांचंच होतं. म्हणून तीन महिन्यांनी एकदा बसून चाळा. झालेल्यांपुढे तारीख घाला, उपकार माना आणि खोडा. जे झालं नाही ते पुन्हा लिहायचं की नाही हे ठरवा. पौलाने आपल्या देहातला काटा काढून घे म्हणून तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढं उत्तर मिळालं (2 करिंथ 12). तिसऱ्या रकान्यात 'नाही' लिहायलाही जागा ठेवा. कोरा रकाना टाळत राहिलं की माणूस वहीच उघडेनासा होतो.

व्हॉट्सॅपवर मंडळीच्या ग्रुपात रोज दहा-बारा प्रार्थना विनंत्या येतात आणि त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. इमोजी टाकायच्या आधी फोन धरूनच दहा सेकंद त्या माणसाचं नाव घ्या, मग टाका. नंतर करू म्हटलं की होत नाही. दुसरं: विनंतीच्या नावाखाली कुणाचं घर उघडं पाडू नका. 'अमुकच्या मुलीसाठी प्रार्थना करा, ती घर सोडून गेलीय' हा मेसेज संध्याकाळपर्यंत तीन सेक्टर फिरतो. 'एका कुटुंबासाठी' एवढं पुरतं. देवाला पत्ता माहीत असतो.

घरची प्रार्थना

रात्रीच्या जेवणाआधी की नंतर? आधी. जेवल्यावर मुलं पेंगतात आणि मोठ्यांच्या हातात रिमोट येतो. बारा मिनिटांच्या वर नेऊ नका. गीताची दोन कडवी, अख्खं गीत नको. मग शास्त्रातल्या आठ-दहा ओव्या. शुभवर्तमान घेतलं तर मार्कपासून सुरू करा, सोळा अध्याय आहेत आणि गोष्ट भराभर पुढे जाते. मग प्रत्येकाची एक-एक वाक्याची प्रार्थना, धाकट्यापासून सुरुवात करून. शेवटी सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना. वाचन रोज वेगळ्या माणसाकडे द्या, आजोबांनाही सुट्टी मिळते.

मुलं इंग्रजी शाळेत असल्यामुळे मराठी बायबल अडखळत वाचतात. अडखळू द्या. वाचन इंग्रजीत आणि प्रभूची प्रार्थना मराठीत, ही तडजोड बऱ्याच घरांत टिकते. आजीला मुलांची प्रार्थना कळते आणि मुलांना आजीची. टाळ घरात असेल तर काढा. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861-1919) भजन-अभंगाची चाल मराठी ख्रिस्ती घरात आणून शंभर वर्षं होऊन गेली, आणि दोन टाळांवर घरात जो रंग चढतो तो मोबाईलच्या स्पीकरवर चढत नाही.

घरच्या प्रार्थनेत सगळ्यात मोठी चूक आईवडील करतात. दहावीतला मुलगा डोळे मिटून बसलेला असतो आणि पप्पा म्हणतात, 'प्रभू, आमच्या रोहनला अभ्यासाची बुद्धी दे, त्याची मोबाईलची सवय सोडव, त्याला उलट उत्तरं द्यायची वृत्ती...' हे देवाशी बोलणं नाही, मुलाला बोलणं आहे, आणि त्याला ते कळतं. उत्तर द्यायची सोय नसलेली बोलणी खाल्ल्यावर तो पुढच्या महिन्यात 'क्लास आहे' म्हणून प्रार्थनेच्या वेळी बाहेर राहतो. मुलाबद्दलची तक्रार आपल्या वहीत, एकांतात. मुलासमोर त्याच्यासाठी उपकार माना आणि तो स्वतः मागेल तेवढंच मागा. 'तुझ्यासाठी काय मागू?' असं विचारलं तर 'काही नको' हे उत्तरही चालवून घ्या.

सोसायटीत प्रार्थना सभा घेताना

आठवड्याची घरगुती सभा बहुतेक मंडळ्यांत असते. सव्वा तासाची ठेवा: गीतं पंधरा मिनिटं, साक्ष दहा, वचन वीस, प्रार्थना वीस, चहा दहा. साडेनऊच्या आत लोक जिन्यात असले पाहिजेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, पण दोनशे चौरस फुटांच्या हॉलला मुळात माइक हवाच कशाला? ढोलकीही टेकून, हलक्या हाताने. आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगून ठेवा, वॉचमनला किती माणसं येतील ते कळवा, आणि चपला जिन्यावर न पसरता घरात एका चादरीवर काढायला लावा. तक्रारी बहुधा गाण्यांवरून येत नाहीत, चपला आणि पार्किंगवरून येतात.

चहा-बिस्किटांवर थांबा. एका घराने वडापाव ठेवला की पुढचं घर पुलाव करतं, तिसरं घर 'आमच्याकडे नको, जागा लहान आहे' म्हणतं. आणि ते घर बहुतेक वेळा सभेची सगळ्यात जास्त गरज असलेलं असतं.

एकत्र प्रार्थनेत एक माणूस दहा मिनिटं बोलतो आणि बाकीचे गुडघे बदलत बसतात. सभा चालवणाऱ्याने आधीच सांगावं: एका वेळी एकच विषय, दोन मिनिटं, एकाच विषयावर दोघांनी केली तरी हरकत नाही. दर तिसऱ्या शब्दाला 'प्रभू, प्रभू' येत असेल तर ती घाबरलेल्या माणसाची सवय असते. सगळ्यांसमोर सुधारू नका. त्याला पुढच्या वेळी आधी चार ओळी कागदावर लिहून आणायला सांगा. लिहून केलेली प्रार्थना कमी दर्जाची नसते, स्तोत्रंही लिहिलेलीच आहेत.

उपास, नवस आणि पडलेले खंड

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचे, चाळीस दिवस राखेच्या बुधवारपासून, मधले रविवार वगळून मोजतात. कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे दोन दिवस उपास बंधनकारक, वय 18 ते 59. एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी. इतर मंडळ्यांत शुक्रवारची उपास-प्रार्थना ऐच्छिक असते. मधुमेह, गरोदरपण किंवा गोळ्या चालू असतील तर अन्नाचा उपास नको. फोनचा, मालिकेचा करा. आणि वाचलेला वेळ प्रार्थनेत गेला पाहिजे. साबुदाण्याची खिचडी, वर वेफर आणि दुपारी झोप, याला उपास म्हणायचं असेल तर तो पोटाला सुट्टीही देत नाही.

'मुलाला नोकरी लागली की माउंट मेरीला मेणबत्ती' ही भाषा आपल्या हवेतच आहे. मेणबत्ती लावण्यात वाईट काही नाही. पण देवाशी सौदा ठरला की नोकरी न लागल्यावर माणूस देवावर रुसतो, आणि लागल्यावर मेणबत्ती लावून हिशेब मिटवतो. दोन्हीकडे बोलणं बंद. मेणबत्ती मागतानाच लावा, उत्तराची वाट न बघता.

खंड पडतोच. गणपतीत गावी जाणं, परीक्षा, आजारपण, किंवा नुसता कंटाळा. आठवडा बुडाला तर बुडालेली मिनिटं भरून काढायला जाऊ नका. सोमवारी तासभर बसणारा बुधवारी पुन्हा बुडतो. पाच मिनिटांनी सुरू करा: स्तोत्र 121, आठ ओव्या, आणि प्रभूची प्रार्थना. चार दिवस एवढंच. पाचव्या दिवशी वही उघडा. झोप येत असेल तर उभे राहा किंवा चालत करा. मन भटकत असेल तर ते जिथे भटकतं तीच गोष्ट प्रार्थनेत घ्या; बहुतेक वेळा खरी विनंती तिथेच असते. आणि महिनोन्‌महिने सगळं कोरडं वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर पाळकांशी किंवा फादरांशी बोलाच, आणि डॉक्टरांशीही. नैराश्य हे विश्वास कमी पडल्याचं लक्षण नव्हे.

आजारी माणसाजवळ

इस्पितळात जाताना आधी नातेवाइकांना फोन करा, वेळ विचारा. दोघांपेक्षा जास्त जण जाऊ नका. हात धुवा. आधी आजारी माणसाचं ऐका, मग 'प्रार्थना करू का?' असं विचारा आणि नाही म्हटलं तर थांबा. स्तोत्र 23, सहा ओव्या, खालच्या आवाजात. मग चार वाक्यं. मग प्रभूची प्रार्थना. तीन मिनिटांत संपवा. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही झोप हवी असते. शुद्ध नसली तरी ओळखीचे शब्द ऐकू येत असतील असं समजूनच बोला, आणि खाटेजवळ त्याच्या तब्येतीची चर्चा करू नका.

याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे (याकोब 5:14). कॅथलिक असाल तर अभ्यंगासाठी (आजाऱ्याला तेल लावण्याच्या विधीसाठी) फादरांना वेळेत कळवा. ते फक्त शेवटच्या घटकेसाठी आहे या गैरसमजुतीने लोक फार उशिरा फोन करतात. मोठी शस्त्रक्रिया असेल तर आदल्या दिवशीच बोलवा. आणि 'विश्वास असेल तर गोळ्या बंद करा' असं कोणीही, कितीही मोठा सेवक, म्हणाला तरी ऐकू नका. इन्सुलिन, बीपीची गोळी, केमोची तारीख, सगळं डॉक्टर सांगतील तसंच चालू ठेवायचं. ज्याने असं सांगितलं त्याचं नाव त्याच दिवशी आपल्या पाळकांच्या किंवा पॅरिशच्या कानावर घाला, म्हणजे तो पुढच्या खाटेपर्यंत पोचायच्या आत त्याला कोणीतरी अडवेल.